इम्फाळचं हरिकेन: कापड कुठे, लाकूड कुठे, पत्रा कुठे

प्रश्न नाशिकच्याच एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याच्याकडे हॉकर हरिकेन मार्क २ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/७२ प्रमाणातलं किट आहे. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनचं, १९४४ साली इम्फाळला असलेलं विमान त्याला करायचं आहे. डिटेलिंग किती करावं, एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) घ्यावाच लागतो का, आणि विमान वापरलेलं दिसावं म्हणून चंदेरी रंगाचे ओरखडे कुठे मारावेत, असं त्याने विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर नीट समजलं की बाकीचे दोन्ही प्रश्न निम्मे सुटतात.

हरिकेनच्या मागच्या धडावर चंदेरी ओरखडे मारूच नकोस. तिथे पत्रा नाही. सिडनी कॅमने आखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं, तेव्हा विमानबांधणी एका युगातून दुसऱ्या युगात जात होती. त्या स्थित्यंतराच्या खुणा हरिकेनच्या अंगावर उघड दिसतात. नाकापासून कॉकपिटपर्यंत धातूचे पत्रे आहेत. कॉकपिटच्या मागे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी चौकटी आणि लांब पट्ट्या, आणि त्यावर ताणून बसवलेलं, डोप (कापड ताणून घट्ट करणारं वार्निश) पाजलेलं कापड. पंख सुरुवातीच्या विमानांत कापडाचेच होते, पुढे धातूचे झाले. तुझ्या मार्क २ चे धातूचेच. रडर, एलिव्हेटर (शेपटीचे उभे-आडवे हलते भाग) आणि एलेरॉन (पंखांच्या टोकाकडचे हलते भाग) मात्र कापडाचे. आणि रोटोल कंपनीच्या प्रोपेलरची पाती बहुतेक वेळा दाबून घट्ट केलेल्या लाकडाची. म्हणजे पात्याच्या कडेला खडे लागून रंग उडाला, तरी खालून अ‍ॅल्युमिनियम चमकणार नाही. मी पाहिलेल्या हरिकेनच्या मॉडेल्समध्ये सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच आहे: कापडावर आणि लाकडावर चांदी.

चांदी शोभते ती पत्र्यावर, आणि तीही माणसाचा हात-पाय लागतो तिथे. हरिकेनचा वैमानिक डाव्या बाजूने चढतो. त्या बाजूला धडाखाली पाय ठेवायची रिकीब आहे, वर हात घालायला खाच आहे, आणि मग पाय पडतो तो डाव्या पंखाच्या मुळाशी. तिथे रंग घासलेला दाखव. इंजिनाच्या झाकणांचे पत्रे मेकॅनिक रोज काढतात-बसवतात, त्यांच्या कडा आणि स्क्रू घासलेले असतात. पंखाच्या पुढच्या कडेला, उडालेले खडे लागतील त्या पट्ट्यात, थोडे ठिपके. उजवा पंख त्या मानाने स्वच्छ ठेव. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी होते. १९६४ मध्ये मिग-२१ साठी तो कारखाना उभा राहिला आणि नाशिकच्या कितीतरी घरांत विमानाच्या पत्र्याला हात लावलेली माणसं तयार झाली. माझं मॉडेल हातात घेऊन ते एकच विचारायचे, "इथे कोण घासला?" ओरखडा रंगवण्याआधी तू स्वतःला हेच विचार. ब्रश आपोआप थांबेल.

आता विमान कुठलं ते ठरवू. "पहिल्या स्क्वॉड्रनचं हरिकेन" एवढं पुरेसं नाही. एक विमान, एक फोटो, एक महिना ठरव. पहिली स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिघ रोडला वापिटी विमानांवर सुरू झाली, १९४२ मध्ये हरिकेनवर आली, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत स्क्वॉड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इम्फाळला पोचली. मार्चपासून जपानी सैन्याने इम्फाळला वेढा घातला; कोहिमाचा रस्ता मोकळा झाला तो २२ जूनला. एवढा काळ ही विमानं वेढ्याच्या आत राहून टेहळणी करत होती, शत्रूच्या तुकड्यांवर मारा करत होती. अर्जन सिंगांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं ते याच कामगिरीसाठी, आणि ते माउंटबॅटननी स्वतः इम्फाळला येऊन दिलं. हे सगळं वाचून घे. तुझ्या मॉडेलवरचा चिखल, धूर, ठिगळं या वेढ्यातून येणार आहेत.

महिना ठरवायचं दुसरं कारण खुणांचं. ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळात मध्ये लाल असायचा. जपान्यांचं चिन्ह म्हणजे लाल गोळा. जंगलावरून खाली उडणाऱ्या विमानात क्षणभर लाल दिसला की आपलाच तोफची गोळी झाडायचा. म्हणून १९४३ मध्ये इथल्या विमानांवरून लाल काढला. आधी त्या जागी पांढरा आला, पण पांढरा फार लांबून उठून दिसतो, म्हणून पुढे निळ्यात पांढरा मिसळून फिका निळा भरला. तेव्हा १९४४ च्या हरिकेनवर गडद निळ्याच्या आत फिका निळा येणार. हे बदल कारखान्यात झाले नाहीत, धावपट्टीच्या कडेला हाताने रंग मारून झाले. जुनं वर्तुळ मोठं होतं, नवं लहान आलं, आणि मधल्या कड्यावर ताजा हिरवा किंवा तपकिरी रंग फासला गेला. तो आजूबाजूच्या उन्हाने विटलेल्या रंगापेक्षा गडद दिसतो. हे ताज्या रंगाचं कडं तू दाखवलंस, तर बघणाऱ्याला न सांगता कळेल की विमान बर्मा आघाडीवरचं आहे. फोटोत पुरावा असेल तर हे काम चुकवू नकोस.

उलट, पंखांवरचे आणि शेपटीवरचे पांढरे आडवे पट्टे तुझ्या विमानावर नकोत. ते १९४५ च्या सुरुवातीला आले. किटमध्ये ते डिकल (पाण्यात भिजवून लावायचे छापील स्टिकर) दिले असतील आणि दिसायला देखणे असतील, तरी ठेवून दे. "रॉयल" हे बिरुदही हवाई दलाला मार्च १९४५ मध्ये मिळालं, त्यामुळे तळपाटीवर पाटी लावणार असशील तर नुसतं "भारतीय हवाई दल" लिही.

बंदुका फोटोत मोज. मार्क २-बी ला पंखात बारा .३०३ मशीनगन, मार्क २-सी ला २० मिमीच्या चार हिस्पानो तोफा, लांब नळ्या पुढे आलेल्या. टेहळणीच्या काही विमानांतून वजन कमी करायला काही तोफा उतरवलेल्याही असत. आणि नाकाखाली व्होक्सचा तो मोठा धूळगाळणीचा फुगवटा बघ. उष्ण प्रदेशातल्या हरिकेनला तो बहुधा असतो. बऱ्याच किटमध्ये हा भाग जास्तीचा म्हणून स्प्रूवर (सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या काडीवर) तसाच राहतो आणि इम्फाळचं विमान इंग्लंडमधलं होऊन जातं.

बांधणीकडे वळू. १/७२ म्हणजे तुझ्या मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या विमानावर ७२ मिलिमीटर. १२.१९ मीटरचा पंखविस्तार तुझ्या टेबलावर जेमतेम १७ सेंटिमीटर होतो. हा हिशोब सतत डोक्यात राहू दे, कारण किती डिटेलिंग करायचं याचं उत्तर त्यातच आहे. पंखाची मागची कड किटमध्ये अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर होते, म्हणजे फळीची कड. दोन्ही अर्धे चिकटवण्याआधी आतल्या बाजूने घासून ती पातळ कर. विकतच्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा एवढ्या एका कामाने मॉडेल जास्त खरं दिसतं, आणि त्याला फक्त पॉलिश पेपर लागतो.

पॉलिश पेपर गाड्यांच्या पेंटच्या दुकानातून आण, पाणी लावून घासायचा: ४००, ६००, १०००, १५००, २०००. बारीक चिमटे, हाताने फिरवायचं ड्रिल आणि केसासारख्या ड्रिल बिट सराफ बाजाराच्या परिसरात सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात मिळतात. आपल्या शहराला चांदीकामाची परंपरा आहे, तिचा हा आपल्याला मिळालेला फायदा. परदेशी मॉडेलिंगची हत्यारं मागवण्याआधी तिथे एक फेरी मार. तांब्याची बारीक तार जुन्या इयरफोनच्या वायरमधून निघते. त्याहून जाड हवी तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तुकडे मिळतात. पिटो ट्यूब (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी) आणि बंदुकांच्या नळ्यांसाठी इन्शुलिनची न वापरलेली सुई, टोक कापून. कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच, तुकडा उडतो.

कॉकपिटमध्ये बहुतेक जण वाजवीपेक्षा जास्त वेळ घालवतात. कॅनोपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) बंद ठेवणार असशील तर सीटचे पट्टे, डॅशबोर्ड आणि वैमानिकाच्या डोक्यामागची चिलखती पाटी एवढंच दिसतं. उघडी ठेवणार असशील तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: हरिकेनच्या कॉकपिटला सलग फरशी नाही. पाय ठेवायला पट्ट्या आहेत, त्यांच्या बाजूने खाली नळ्यांचा सांगाडा आणि अंधार दिसतो. किटमध्ये सपाट फरशी दिली असेल तर ती कापून मधल्या दोन पट्ट्या ठेव. आतला रंग फिका राखाडी-हिरवा, नळ्या चंदेरी. पट्टे मास्किंग टेपचे कर. खरे पट्टे सुमारे दोन इंच रुंद, म्हणजे तुझ्याकडे पाऊण मिलिमीटरला थोडे कमी. फोटो-एचचे (पातळ पत्र्यावर रसायनाने कोरलेले) पितळी पट्टे वापरणार असशील तर आधी मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवून गार होऊ दे, मग ते कापडासारखे वळतात; नाहीतर सीटवरून ताठ उभे राहतात.

चिकटवताना हरिकेनचा एक स्वभाव सांभाळ. पंखाचा मधला भाग सपाट आहे, बाहेरचे पंख तिथून वर उचलले जातात. सपाट पट्टीवर ठेवून समोरून बघ, दोन्ही टोकं सारखी उचललेली हवीत, आणि सिमेंट पूर्ण सुकेपर्यंत आधार देऊन ठेव. पंख आणि धड जुळतात तिथे फट राहतेच. फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भर, पण त्याच दिवशी घास. दुसऱ्या दिवशी ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं आणि आजूबाजूचं प्लॅस्टिक आधी झिजतं. एम-सील वापरू नकोस, दाणा फार जाड आहे. मागच्या धडावरचे कापडाचे उंचवटे किटमध्ये ठळक असतात, बरगड्या दिसाव्या तसे. डोप सुकल्यावर कापड ताणून बसतं, खोल झोळ पडत नाही. १००० च्या पेपरने हलके हात फिरवून ते उंचवटे निम्मे कर.

एअरब्रश. घ्यावाच असं नाही, पण झेपत असेल तर घे, आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर असलाच पाहिजे. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून हवा इतकी ओली होते की नळीतून थेंब येतात. चकचकीत लॅकर पावसाळ्यात मारलंस तर त्यावर पांढुरकी साय धरते. म्हणून माझा क्रम असा: पावसाळ्यात कापणं, घासणं, चिकटवणं; फवारणीची कामं दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशिकची कोरडी हवा रंगासाठी उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी उलटी अडचण, रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हा सकाळी लवकर काम कर आणि रंगात रिटार्डरचे (रंग सावकाश सुकवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब टाक. रंग दुधाइतका पातळ, दाब १५ ते २० पीएसआय. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर फक्त एअरब्रश धुवायला, मॉडेलजवळ नको, प्लॅस्टिक खातं. आणि खिडकी उघडी, तोंडाला वाफ अडवणारा मास्क. घरात लहान मुलं असतील तर फवारणी गच्चीवरच.

ब्रशनेही हे विमान सुंदर होतं. सपाट, मऊ ब्रश, पातळ रंग, चार-पाच थर, प्रत्येक थर आधीच्याला काटकोनात, आणि मधे घाई नाही.

रंग कुठले? वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, खालून बहुधा मीडियम सी ग्रे. तामियाच्या बाटल्यांत हिरव्यासाठी एक्सएफ-८१, राखाडीसाठी एक्सएफ-८३, आणि तपकिरीसाठी एक्सएफ-५२ जवळ जातो. तिन्हींत थोडा पांढरा किंवा फिका राखाडी मिसळ. एक तर लहान मॉडेलवर बाटलीतला रंग गडद दिसतो. दुसरं म्हणजे पूर्वेकडच्या उन्हापावसात हे रंग लवकर विटत. दोन रंगांच्या सीमेबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. खऱ्या विमानावर तिथे इंचभर धूसरपणा असे. ७२ ने भागलं तर अर्ध्या मिलिमीटरहून कमी. एअरब्रशने मोकळ्या हाताने मारलेली रुंद धूसर कड या मापात खोटी दिसते. ब्लू-टॅकच्या (परत काढता येणाऱ्या चिकट लांबीच्या) बारीक वळ्या करून नकाशाप्रमाणे मांड, वरून सरळ खाली फवार. ब्रशवाल्याला हा प्रश्नच नाही, त्याची कड आपोआप बरोबर येते.

डिकलआधी चकचकीत वार्निश हवंच, नाहीतर डिकलखाली हवा अडकून चंदेरी चट्टे येतात. पाणी डिस्टिल्ड वापर; बोअरचं पाणी सुकलं की क्षारांचा पांढरा डाग राहतो. किट जुनं असून डिकल पिवळे पडले असतील, तर कागद खिडकीच्या काचेला आतून टेपने चिकटव, तोंड उन्हाकडे. आपलं ऊन काही दिवसांत पिवळेपणा बराच काढतं. सोनेरी-पिवळ्या खुणा असतील तर लक्ष ठेव, त्याही उडतात.

आता धूर आणि चिखल. एक्झॉस्टचा डाग काळाकुट्ट करायची सवय आहे, पण हरिकेनच्या मर्लिन इंजिनाला शिसं मिसळलेलं १०० ऑक्टेन पेट्रोल लागे. लांबच्या टेहळणीत वैमानिक मिश्रण पातळ करून इंधन वाचवतो, तेव्हा डाग राखाडी-तपकिरी, जवळजवळ राखेच्या रंगाचा होतो. मिश्रण घट्ट असलं की काळसर. म्हणून आधी पातळ काळपट थर, त्याच्या मधोमध फिका राखाडी, आणि दोन्ही हवेच्या प्रवाहाबरोबर पंखाच्या मुळाकडे जाणारे. मशीनगनच्या तोंडांवर धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून लाल डोप लावलेल्या कापडाची ठिगळं चिकटवत. पहिल्याच फैरीत ती फाटत. तुझं विमान २-बी असेल तर ठरव, ते मोहिमेवर निघालंय की गोळीबार करून परतलंय. निघालं असेल तर ठिगळं सलग आणि पंखाखाली धुराचे डाग नाहीत. परतलं असेल तर भोकं काळी, आणि काडतुसांची टरफलं पडतात त्या फटींमागे पंखाखाली धुराचे पट्टे. दोन्हींची सरमिसळ झाली की विमानाची गोष्टच मोडते.

चिखलालाही हाच न्याय. मार्चमध्ये धूळ, जूनमध्ये चिखल. धूळ चाकांवर, पंखाच्या मुळाशी बुटांचे ठसे, रेडिएटरच्या तोंडाशी. चिखल चाकांनी उडवलेला, म्हणजे पंखाखाली चाकांच्या मागे, फ्लॅपवर, शेपटीच्या चाकाभोवती. पंखाच्या वर नाही. पॅनेल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडाच्या रेघांत) वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, भरताना काळा घेऊ नकोस, गडद तपकिरी किंवा राखाडी घे, आणि कापडाच्या भागात वॉश जवळजवळ नकोच, तिथे पॅनेल नाहीत. घरच्या कोरड्या मातीची पूड चाळून वापरायला हरकत नाही, पण आपली काळी माती फार काळी आहे. पेस्टल खडू किसून केलेली पूड हाताशी राहते.

उभं विमान असेल तर एलिव्हेटर दोन्ही सारखेच थोडे खाली झुकव. एलेरॉन हलवलेस तर एक वर, एक खाली. प्रोपेलरची पाती उलटी चिकटवली जाण्याची शक्यता मोठी असते: वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर मर्लिनवालं हरिकेन पाती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवतं. पात्याची जाड, पुढची कड त्या दिशेला आहे ना ते चिकटवण्याआधी बघ.

कॅनोपी फेविक्विकने कधीच नाही, काचेवर धुकं धरतं. फेविकॉलचा बारीक थेंब पुरतो, आणि सुकल्यावर पारदर्शक होतो. फ्रेमवर आधी आतला राखाडी-हिरवा रंग, मग बाहेरचा. आतून बघितलं की तोच दिसतो. किटची कॅनोपी मागे सरकवलेली ठेवायची असेल तर बहुधा जाड असल्याने नीट बसत नाही. पाठीवर अधांतरी ठेवण्यापेक्षा बंद ठेव, किंवा व्हॅक्यूमने घडवलेली पातळ कॅनोपी आण.

अँटेनाची तार सगळ्यात शेवटी. व्हीएचएफ रेडिओ आल्यावर बऱ्याच विमानांवर मास्टपासून (पाठीवरच्या अँटेनाच्या खांबापासून) शेपटीपर्यंतची तार गेली, नुसता मास्ट राहिला, म्हणून तुझ्या फोटोत दिसली तरच लाव. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या बाजूला, ज्योतीत नव्हे, धरून मऊ झाला की बाहेर काढून सावकाश ओढ. येवल्याच्या रेशमाचा धागा वापरावा असं मनात येईल, पण त्याला बारीक लव असते आणि ती या मापात दोरखंडासारखी दिसते. ओढलेला स्प्रू गुळगुळीत असतो. लावल्यावर सैल वाटली तर विझवलेल्या, अजून गरम असलेल्या उदबत्तीचं टोक लांबूनच जवळ ने, आवळून बसेल. त्यानंतर मॅट वार्निशचा शेवटचा पातळ हात, कॅनोपीवरची टेप काढायची, आणि विमान थेट अ‍ॅक्रिलिकच्या बंद डब्यात. उघड्या शेल्फवर धूळ बसते, ती पुसताना सर्वांत आधी तारच तुटते. डबा पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेव.